शॉर्टस्टॉपची चूक

कॅनेडियन एक्स्पिरियन्स हे दोन शब्द कोणी उच्चारले की आजही माझं डोकं फिरतं. आम्ही कॅनडात येऊन दीड वर्ष होत आलं होतं, आणि जिथे जिथे अप्लाय करावं तिथून एकच उत्तर यायचं. तुमचा अनुभव छान आहे हो, पण कॅनेडियन एक्स्पिरियन्स नाही. अरे, पण तुम्ही नोकरी दिल्याशिवाय तो येणार कुठून? आकाशातून पडणार? नागपूर आणि पुणे मिळून आठ वर्षं मी सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं होतं. दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधायच्या आणि त्यांच्या नाकासमोर धरायच्या, हाच माझा पोटापाण्याचा धंदा. आणि इथे मी बेसमेंटमध्ये बसून धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावत होते.

त्यात नवऱ्याच्या टेलिकॉम कंपनीत दर काही आठवड्यांनी लेऑफ. संध्याकाळी तो दारात आला की मी आधी त्याच्या हातात सामानाचा खोका आहे का ते बघायचे आणि मग चहा टाकायचे. तो चिडायचा. "रोज काय बघून राहिलीस? जाईल तेव्हा सांगीन ना!" पण त्याच्याही जिवाला घोर होताच. दोघांपैकी एकाची तरी नोकरी पक्की हवी होती.

एम्प्लॉयमेंट सेंटरमधल्या बाईंनी उपाय सांगितला. कुठेतरी व्हॉलंटिअर म्हणून काम करा, तीन-चार महिने चोख करा आणि त्यांच्याकडून रेफरन्स लेटर घ्या. इथे लोक पदवी नंतर वाचतात, पत्र आधी. म्हणजे फुकट राबायचं आणि वर चांगलं राबल्याचा दाखला मागायचा! पण अडला हरी. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. मला ते पत्र हवं होतं.

जागा मिळाली ती गाडीने पाऊण तासावरच्या एका लहान गावातल्या म्युझियममध्ये. म्युझियम म्हणजे काय, जुन्या पोस्टाच्या इमारतीतल्या तीन खोल्या. पन्नासच्या दशकात त्या गावाचा एक व्यावसायिक बेसबॉल संघ होता. पगारी खेळाडू, स्वतःचं मैदान, रविवारी खच्चून गर्दी. काही वर्षांतच तो बंद पडला. त्याचा सगळ्यात गाजलेला सीझन म्हणजे शेवटचा सामना जिंकले असते तर विजेते ठरले असते तो. त्याच सीझनचं प्रदर्शन भरवायचं होतं. त्या सीझनच्या स्कोअरबुकांचं खोकं सापडलं होतं, आणि त्यातली प्रत्येक नोंद कॉम्प्युटरवर उतरवायला माणूस पाहिजे होता.

म्युझियम चालवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. पांढरे आखूड केस, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि पेन्सिल दिली. म्हणाल्या, "जे लिहिलंय ते जसंच्या तसं. तुला चूक वाटलं तरी जसंच्या तसं. काही वाटलं तर मला विचार, स्वतः सुधारायचं नाही." मी मनात म्हटलं, बाई, मी टेस्टर आहे, मला काय शिकवता!

बेसबॉलचं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण स्कोअरबुक म्हटल्यावर माझा हात शिवशिवला. माझे बाबा नागपुरात बँकेत होते आणि दर रविवारी क्लबच्या क्रिकेट सामन्यांचा स्कोअर लिहायचे. मी दहा वर्षांची असल्यापासून त्यांच्या शेजारी बसून लिहिलंय. त्यामुळे आठवड्याभरात मला तिथली लिपी वाचता यायला लागली. पिचर म्हणजे बॉल टाकणारा, आपला बोलर. शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहणारा फील्डर. बेस म्हणजे रन काढताना गाठायचे चार टप्पे, चौथा होम. सगळं समजत गेलं. एकच गोष्ट मात्र मनाला पटेना. आपल्या क्रिकेटच्या स्कोअरबुकात सुटलेल्या कॅचला रकानाच नाही. कॅच सुटला, लोकांनी चार शिव्या दिल्या, बाबांनी मान हलवली, संपलं. पुढच्या रविवारी कोणाला आठवतं? बेसबॉलमध्ये मात्र फील्डरच्या हातून चूक झाली की ती लिहून ठेवतात. एरर. कोणाकडून झाला तेही लिहितात. मेल्यावरही तो तिथेच. मला ते फार निर्दयी वाटलं, आणि मी घरी येऊन नवऱ्याला तसं बोललेही. मुलगी गृहपाठातून मान वर न करता म्हणाली, "आई, इट्स ओन्ली अ गेम."

आता शेजारच्या आजोबांचं सांगते. आमच्या घराला लागून त्यांचं घर. सत्तरीच्या पुढचे, एकटे, उंच, किंचित वाकलेले. आमच्या पहिल्या हिवाळ्यात नवरा कामासाठी परगावी होता, आणि रस्ता साफ करणाऱ्या गाडीने आमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी कमरेएवढा बर्फ टाकून ठेवला होता. मी रडकुंडीला येऊन फावड्याने तो उपसत होते. हे आजोबा न बोलता आपलं बर्फ काढायचं यंत्र घेऊन आले, सगळं साफ केलं आणि न बोलता गेले. त्यानंतर दर बर्फाला तेच. मी डब्यातून शिरा द्यायचे, पोहे द्यायचे. डबा धुऊन, त्यात बागेतले टोमॅटो नाहीतर दुकानातली बिस्किटं घालून परत यायचा. रिकामा डबा परत करू नये हे त्यांना कोणी शिकवलं होतं, देव जाणे.

मी म्युझियमचं नाव काढलं तेव्हा त्यांनी कोणत्या सीझनचं काम ते विचारलं. मग म्हणाले, "मी खेळलोय तिथे. एकच सीझन, तोच. शॉर्टस्टॉप होतो." मी तर उडालेच! म्हणजे मी उतरवत होते तोच सीझन, आणि माझ्या शेजारी त्यातला शॉर्टस्टॉप. त्या दिवसापासून कुंपणापाशी भेटले की एकच प्रश्न: "शेवटच्या सामन्यापर्यंत पोहोचलीस का?" दर आठवड्याला. मी नाही म्हटलं की मान हलवून आत जायचे.

मार्चमध्ये पोहोचले. शेवटची इनिंग, आपला संघ एका रनने पुढे, समोरच्यांचे दोन आऊट, दोघे बेसवर. एकच आऊट हवा. बॅटरने मारलेला बॉल घरंगळत शॉर्टस्टॉपकडे गेला, आणि पुढे पेन्सिलीने स्वच्छ लिहिलेलं होतं, शॉर्टस्टॉपचा एरर. दोन्ही माणसं होमवर पोहोचली, दोन रन झाल्या. मग आपल्या पाळीत तिघे सटासट बाद. सामना गेला, सीझन गेला.

मला एकदम सगळं उमगलं. म्हणजे उमगलं असं वाटलं. म्हणून विचारत होते बिचारे! पन्नास वर्षांपूर्वीची फजिती आता सहा फुटी बोर्डवर छापून येणार, आणि गावातली माणसं सरबत पीत ती वाचणार. कारण बाईंनी ठरवलं होतं की शेवटचा सामना खेळीगणिक मोठ्या बोर्डवर लावायचा. मी रात्री नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. एवढ्या वर्षांनी कोण बघायला जातंय? म्हाताऱ्या माणसाचा अपमान कशाला?" खरं सांगायचं तर त्याने वेगळं काही सांगितलं असतं तरी मी तेच केलं असतं. माझं ठरलं होतं. आपल्याकडे वडीलधाऱ्या माणसाची चूक चारचौघांत काढत नाहीत. मी कॉम्प्युटरवरच्या नोंदीतला एरर खोडला आणि त्याजागी हिट लिहिलं. म्हणजे चूक कोणाची नाही, बॅटरनेच चांगला मारला. मूळ वही मी होती तशीच खोक्यात ठेवली. एक शब्द बदलला फक्त. आणि तुम्हाला सांगते, त्या रात्री मला फार बरं वाटलं होतं.

बाई माझ्या कामावर बेहद्द खूश होत्या. बोर्ड छापायला गेले. उद्घाटनाच्या दिवशी सगळ्यांसमोर पत्र देईन म्हणाल्या. त्याच आठवड्यात एका कंपनीकडून मला इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं, आणि त्यांनी कॅनडातला रेफरन्स आणायला सांगितला. नशीब उघडलं म्हणून मी त्या दिवशी पुरणपोळ्या केल्या.

त्यातल्या दोन पोळ्या आणि शेवटच्या सामन्याच्या बोर्डची कागदावर काढलेली प्रत घेऊन मी आजोबांकडे गेले. वाटलं, बघतील, काही बोलणार नाहीत, पण समजतील. त्यांनी चष्मा लावला, बोटाने एकेक ओळ वाचत खाली आले आणि थांबले. चेहरा लाल झाला.

"हे कोणी लिहिलं?"

मी पोळ्यांचा डबा टेबलावर ठेवला.

"हा माझा एरर आहे. कुठे गेला?"

मी चाचरत म्हटलं, तुम्हाला लोकांसमोर वाईट वाटेल म्हणून. त्या माणसाचा आवाज मी दीड वर्षात कधी चढलेला ऐकला नव्हता. "तुला विचारलं कोणी? हिट लिहिलंस म्हणजे त्या दोन रन कोणाच्या माथी गेल्या, ठाऊक आहे? पिचरच्या! एरर असला की त्या पिचरवर धरत नाहीत. तू माझी चूक पुसली नाहीस, बाई, तू ती त्याच्यावर घातलीस!"

मी टेस्टर! आठ वर्षं लोकांना सांगत आले की एका ठिकाणी बदल केला की दुसरीकडे काय मोडतं ते तपासा. आणि मी स्वतः तपासलं नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं. तो पिचर त्यांचा जिवलग मित्र. त्या सामन्याला मोठ्या क्लबचा माणूस त्याला बघायला आला होता. सामना गेला, निरोप आलाच नाही, आणि गावात बोललं गेलं की पोरगं ऐनवेळी कच खातं. गर्दीला लांबून नीट दिसलं नव्हतं, आणि मित्राने कधी कोणाला शॉर्टस्टॉपचं नाव सांगितलं नाही. पुढे तो किचनर शहरात गेला, तिथे लग्न केलं, दोन वर्षांपूर्वी वारला. बायको त्या गावची नव्हती, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. "मी तिला बोलावलंय उद्घाटनाला," आजोबा म्हणाले. "पन्नास वर्षं माझ्या तोंडून निघालं नाही. आता वहीच सांगेल, असं वाटलं होतं. तू शेवटच्या सामन्यापर्यंत पोहोचायची वाट बघत होतो मी."

ते घाबरले नव्हते. वाट बघत होते. आणि मी शहाणी!

"दुरुस्त कर," एवढंच म्हणाले. पोळ्या तशाच ठेवून मी घरी आले.

उद्घाटनाला चार दिवस होते. बाईंना फोन करायला पाच मिनिटं लागली असती. पण फोन केला की पत्र गेलं, हे मला स्पष्ट दिसत होतं. जसंच्या तसं, हा एकच नियम होता आणि तोच मी मोडला होता. नवरा म्हणाला, "आधी पत्र हातात घे. दुसऱ्या दिवशी सांग, टायपिंग मिस्टेक झाली म्हणून." मी त्याच्यावर खेकसले, पण फोन काही केला नाही. रोज सकाळी फोन उचलायचे, रोज पोळी करपायची, फोन खाली. मुलीला विनाकारण दोन धपाटे घातले आणि मग तिला जवळ घेऊन रडले. माझा मलाच इतका संताप येत होता की भांडी घासतानाही ती आदळत होते.

उद्घाटनाला आजोबा आमच्याच गाडीने आले. कोट, टाय, बूट चकचकीत. वाटेत त्यांनी विचारलं, "केलंस ना?" मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "हो, बघते." हो आणि बघते एकत्र म्हटलं की काहीच न म्हटल्यासारखं होतं, ही आपली जुनी युक्ती. त्यांना ती कळायचं कारण नव्हतं. ते निवांत बसले.

खोलीत तीस-चाळीस माणसं. किचनरहून आलेल्या बाई लगेच ओळखू आल्या. छोट्या चणीच्या, निळा स्कार्फ. नवऱ्याचा फोटो असलेल्या बोर्डसमोर त्या बराच वेळ उभ्या होत्या. मग शेवटच्या सामन्याकडे आल्या. आजोबा त्यांच्या मागे, हात पाठीशी बांधून, मान खाली. मी दोन पावलांवर. आमच्या बाई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात पांढरा लिफाफा होता, त्यावर माझं नाव.

निळ्या स्कार्फच्या बाईंनी बोट टेकवलं. "हिट," त्या मोठ्याने म्हणाल्या. मग हसल्या. आपल्या माणसाची जुनी थाप पकडल्यावर बायका हसतात तशा. "चाळीस वर्षं मला सांगत राहिला, बॉल एका दगडावर आपटून उडाला म्हणून. कोणाचीच चूक नव्हती म्हणायचा. इथे दगडाचं नावही नाही, सरळ हिट. म्हणजे दगड नव्हताच. त्याच्याच हातून गेला होता सामना." आणि वर म्हणाल्या, "बिचारा."

आजोबांनी झटकन मान वर करून बोर्ड बघितला, मग माझ्याकडे बघितलं. त्यांनी तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. मेलेल्या माणसाला त्याच्या बायकोपुढे मी खोटं पाडलं होतं, आणि जिवंत माणूस माझ्यासमोर गुदमरत होता. मला लिफाफा दिसत होता. माझं नाव सुबक अक्षरात होतं.

"ते चुकीचं आहे," मी म्हटलं. आवाज जरा जास्तच मोठा निघाला. "वहीत एरर लिहिलंय. मी बदललं. मुद्दाम."

आमच्या बाईंनी विचारलं, "का?"

"हे माझे शेजारी आहेत म्हणून."

मराठीत हे वाक्य कोणालाही समजलं असतं. इंग्रजीत ते नुसतं मूर्खासारखं ऐकू आलं. बाईंनी काचेच्या कपाटातून मूळ वही काढली आणि ते पान उघडून टेबलावर ठेवलं. निळ्या स्कार्फच्या बाई वाकल्या, पेन्सिलीची ती खूण बघितली आणि आजोबांकडे वळल्या.

"तू?"

"दगड नव्हता," आजोबा म्हणाले. आता शब्द आले. "बॉल सरळ आला होता. मी फेकायच्या घाईत आधीच मान वर केली. हात खाली गेलाच नाही."

"आणि त्याला ठाऊक होतं?"

"तो माझ्यासमोरच उभा होता."

मला वाटलं होतं त्या रडतील, आजोबांचा हात धरतील, काहीतरी गोड बोलतील. तसलं काही झालं नाही. त्या भयंकर चिडल्या. "म्हणजे चाळीस वर्षं तो माझ्याशी खोटं बोलला. तुझ्यासाठी!" त्या खुर्चीत बसल्या आणि आजोबांना म्हणाल्या, "बस. पहिल्यापासून सांग. सगळं." ते बसले. पुढे तासभर ते दोघंच बोलत होते, आणि बाकीची माणसं त्यांना वळसा घालून केक खायला जात होती.

आमच्या बाईंनी मला बाजूला घेतलं. आवाज चढवला नाही. "या पत्रात मी लिहिलंय की तुझ्या कामावर डोळे झाकून विश्वास ठेवावा," त्या म्हणाल्या आणि लिफाफा पर्समध्ये ठेवला. मी मान हलवली. वाद घालायला माझ्याकडे होतं काय?

इंटरव्ह्यूला मी रेफरन्स नाही म्हणून सांगितलं, आणि त्यांनी पुन्हा फोन केला नाही.

म्युझियमने माझं सगळं काम दुसऱ्या एका व्हॉलंटिअरकडे तपासायला दिलं. पहिल्या सामन्यापासून, ओळ न् ओळ, मूळ वहीशी ताडून. साहजिकच होतं, एक ओळ बदलणारीने आणखी किती बदलल्या असतील कोण जाणे. ते काम उन्हाळ्यापर्यंत चाललं. शेवटी काय निघालं ते मला म्युझियमने कळवलं नाही, आजोबांनी सांगितलं, आमच्या कुंपणापाशी उभं राहून. ती एक ओळ सोडली तर अख्ख्या सीझनमध्ये एकही चूक सापडली नव्हती.